सदतिसावी फ्रेम

नाना पेठेत अशोक चौकातून आत वळलं की
दुसऱ्या बोळात तांबोळी मास्तरांचा स्टुडिओ.
दारावर पाटी: डोळे मिटल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची.

मी अकरावी नापास. वडिलांनी आणून सोडला.
पहिले सहा महिने कॅमेरा नाहीच.
काचेचा एक तुकडा हातात दिला, पोस्टकार्डाएवढा,
त्यावर मास्तरांनी शाईनं ओढलेल्या चार रेघा,
दोन उभ्या, दोन आडव्या.
"जा, यातून पुणं बघून ये."

बघितलं.
पर्वती डाव्या रेघेवर बसवली,
संगमाचं पाणी खालच्या तिसऱ्या हिश्श्यात.
डेंगळे पुलावरच्या सायकलवाल्यापुढे जागा सोडली,
कारण मास्तर म्हणायचे,
माणूस ज्या बाजूला बघतो
तिकडे त्याला श्वास घेऊ द्यावा.
मंडईत भोपळेसुद्धा रेघेवर आणत होतो,
तर मावशी ओरडली:
घेणार आहेस, का नुसताच मोजतोयस?

नियम वाईट नव्हते.
भाकरी थापणाऱ्या हातालाही
परातीचा काठ ठाऊक असावा लागतो.
लग्नात ऐन अक्षता पडताना
नवरीचा मामा मध्येच आडवा येतो,
तेव्हा डोकं चालत नाही,
त्या चार रेघाच दंडाला धरून बाजूला नेतात.
माझं घर त्यांच्यावर चाललं, एवढं तरी म्हणू द्या.

रोल छत्तीसचा.
पण अंधारात, काटकसरीनं भरला
तर शेवटी एक जास्तीची निघते,
कधी पूर्ण, कधी क्लिपचे दात उमटलेली.
ती मास्तरांनी कधी विकली नाही.
ओले हात पदराला पुसत
आतून जुबैदाभाभी यायच्या
आणि मास्तर कॅमेरा पुढे करायचे: "घे, उरलीय."
शिकवलं मात्र काही नाही.
मी एकदा भाभींना काच द्यायला गेलो,
तर मला म्हणाले,
"राहू दे. ही फुकटची आहे."

मास्तर जाऊन दीड वर्ष झालं.
परवा जागा रिकामी करून दिली.
निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीला धरत बसलो:
लग्नं, बारशी, पासपोर्ट, शाळांचे वर्ग,
सगळ्यांची डोकी जागच्या जागी,
आणि पट्टीच्या शेपटाला भाभींचं एकेक.

मास्तरांचं कोपर.
मास्तर पाठमोरे, पंख्याची वायर मानेतून उगवलेली.
मास्तर चपलेचा अंगठा शिवताना, डोकंच नाही.
सगळी जमीन उतरती, स्टूल घसरत चाललंय,
वरच्या कपातला चहा मात्र सांडत नाही.

वीसेक मोठ्या करून आणल्या, पोस्टकार्ड साइज.
वर काच ठेवली, सवयच ती.
काही म्हणजे काही रेघेवर येईना.
रात्री दीडला बायको म्हणाली, दिवा मालवा आता.

कोथरूडला मी शनिवारी क्लास घेतो.
रेणुका डांगे म्हणून एक मुलगी येते,
दर वेळी तिचा तोच प्रश्न:
सर, नियम नाही पाळले तर?
आधी पाळ तर, म्हणतो मी,
मग घसा खाकरतो,
मग पुढची स्लाइड लावतो.

या शनिवारी एक फोटो नेणार आहे.
मास्तर उठून पुढे आलेत,
"सरळ धर गं" मधला "स" अजून दातांतच,
आणि कॅमेरा सरळ करायला निघालेला पंजा
लेन्सला इतका भिडलाय
की नुसता पांढुरका ढग.
मागे कॅलेंडर तिरकं, त्यावरची तारीख वाचता येत नाही.

काच ठेवून बघितली.
पंजानं बरोबर तिसरा हिस्सा खाल्लाय.

रेणुकाला हे सांगायचं की नाही,
ठरलेलं नाही.